सावलीतले वाळवण

मनुष्याच्या संस्कृतीचा इतिहास सांगताना आपण अग्नी, चाक, नांगर आणि धातू यांची नावे ओळीने घेतो. वाळवणाचे नाव त्या यादीत सहसा येत नाही. याचे कारण उघड आहे. वाळवणाला कोणी शोधक नाही, त्याला यंत्र लागत नाही, आणि ते अंगणात, परसात किंवा ओटीवर बहुधा घरातील बायकांच्या हातून होते. तरीही ज्या देशात चार महिने पाऊस कोसळतो आणि पुढे बरीचशी झाडेझुडपे सुकून जातात, त्या देशात एका ऋतूत उगवलेली वस्तू दुसऱ्या ऋतूत हाताशी असावी म्हणून शतकानुशतके मुख्य आधार होता तो वाळवणाचाच. आज धान्याच्या किंवा पापड-कुरडयांच्या वाळवणाविषयी मी बोलणार नाही. घराच्या आसपास लावलेली फुले, पाने, मुळे आणि साली वाळवून जपून ठेवण्याची जी रीत आपल्याकडे चालत आली, तिचा इतिहास थोडक्यात सांगावा, असा या भाषणाचा हेतू आहे.

प्रथमच एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. मिरची, आमसूल, सांडगे ही उन्हात वाळवायची. उलट तुळस, मरवा, पुदिना, अडुळशाचे पान, गुलाबाची पाकळी ही सावलीत वाळवायची. हा भेद आपल्या घरांत कोणी पुस्तकात वाचून शिकत नसे. 'ऊन लागू देऊ नकोस, रंग जाईल' एवढेच वाक्य आई मुलीला सांगे आणि त्यात सगळे शास्त्र येई. आज या वाक्याचा अर्थ रसायनशास्त्राच्या भाषेत उलगडून सांगता येतो. ताज्या पानात वजनाचा बहुतांश भाग पाण्याचा असतो. तो गेल्याशिवाय बुरशी थांबत नाही. पाणी हळूहळू जावे तर पानातील पाचक द्रव्ये तोवर आपले काम करीत राहतात आणि पान काळे पडते. झटपट घालवावे म्हणून कडक उष्णता द्यावी, तर ज्या तेलांमुळे पानाला वास असतो तीच उडून जातात. शिवाय उन्हाच्या प्रकाशाने हिरवा, तांबडा, जांभळा हे रंग फिके पडतात. म्हणून हवा वाहती पाहिजे, उष्णता बेताची पाहिजे आणि प्रकाश टाळला पाहिजे. या तिन्ही गोष्टी ज्या एका शब्दात सामावतात तो शब्द म्हणजे सावली. आपल्या वैद्यकातही 'छायाशुष्क' अशी संज्ञा आहे. शास्त्राने आणि स्वयंपाकघराने एकच गोष्ट आपापल्या भाषेत सांगितली आहे.

आपल्याकडील लिखित परंपरेकडे वळले म्हणजे प्रथम चरक आणि सुश्रुत यांच्या संहिता पुढे येतात. या ग्रंथांचे संस्करण अनेक शतके होत राहिले. त्यामुळे त्यांतील प्रत्येक वचनाचा काळ ठरविणे अवघड आहे. परंतु वनौषधी गोळा करणे, वाळविणे आणि साठविणे यांविषयी त्यांनी जे लिहिले आहे ते आजही वाचण्यासारखे आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कोणत्या ऋतूत झाडाचा कोणता भाग घ्यावा याचे कोष्टकच दिले आहे. कोवळ्या फांद्या व पाने वर्षा आणि वसंत ऋतूंत घ्यावीत. मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात घ्यावीत. साल, कंद आणि चीक शरदात. लाकडाचा गाभा हेमंतात. आणि फुले व फळे ज्याच्या त्याच्या ऋतूत. झाडाचा जोम वर्षभर एकाच जागी राहत नाही, तो फिरत असतो, हे निरीक्षण या नियमांमागे आहे.

त्याच अध्यायात गेळफळाची कृती आली आहे. वांती करविण्यासाठी हे फळ वापरीत. वसंत आणि ग्रीष्म यांच्या मधल्या काळात ती फळे आणावीत, कुशाच्या दर्भात बांधून वरून शेणाने लिंपावीत, आणि धान्याच्या तुसात किंवा पेंढ्यात आठ रात्री पुरून ठेवावीत. ती मऊ होऊन त्यांना मधासारखा वास येऊ लागला म्हणजे काढून वाळवावीत. चांगली वाळल्यावर आतील बिया काढाव्यात, त्या तूप, दही, मध आणि तिळाचे कूट यांत चोळून पुन्हा वाळवाव्यात, आणि धूळ-वाळू झटकलेल्या नव्या घड्यात गळ्यापर्यंत भरून झाकून ठेवाव्यात. एका फळासाठी इतका खटाटोप! परंतु यातून दिसते ते असे की, वाळविणे म्हणजे नुसते पाणी घालविणे नव्हे, तर वस्तूला हव्या त्या गुणाकडे वळवीत नेणे, अशी त्या वैद्यांची समजूत होती.

साठवणीचे नियम तर कोणत्याही कोठाराच्या अधिकाऱ्याने भिंतीवर लावावेत असे आहेत. चरक सांगतो की, औषधे ठेवण्याच्या घराचे दार पूर्वेला किंवा उत्तरेला असावे. त्यात वारा एकदम घुसू नये, पण एका बाजूने हवा खेळती असावी. अग्नी, पाणी, ओल, धूर, धूळ, उंदीर आणि चतुष्पाद यांचा तेथे शिरकाव होऊ नये. भांडी नीट झाकून 'शिक्या'त टांगून ठेवावीत. हे शिक्य म्हणजेच आपले शिंके. सुश्रुतानेही औषधागाराचे वर्णन केले आहे. कापडाच्या पिशव्या, मातीची भांडी, फळ्या आणि खुंट्या यांवर औषधे मांडावीत, जागा स्वच्छ आणि चांगल्या दिशेची असावी, आणि कोणत्याही ऋतूत तेथे धूर, पाऊस, वारा व ओल यांचा उपद्रव होऊ नये. आयुष्याचा बराच भाग सरकारी कागदपत्रांच्या सहवासात घालविल्यावर मला असे म्हणावेसे वाटते की, साठ्याच्या रक्षणाविषयी आपण जी परिपत्रके काढतो त्यांत या दोन परिच्छेदांहून अधिक असे फारसे काही नसते. उंदरांचा उल्लेख मात्र दोहोंत आहे.

सुश्रुताचे आणखी एक वचन या विषयात मला फार महत्त्वाचे वाटते. वनस्पतींची ओळख कोणाकडून करून घ्यावी, या प्रश्नाला तो उत्तर देतो की, गुराखी, तापसी, शिकारी, इतर वनचर आणि कंदमुळांवर राहणारे लोक यांच्याकडून. म्हणजे शास्त्रकाराने आपल्या शास्त्राचा पहिला धागा निरक्षर माणसांच्या हाती आहे हे मोकळेपणाने कबूल केले. नाव, गुण आणि प्रयोग वैद्याने लिहून ठेवावेत. पण झाड कोणते, हे ज्याने ते रोज पाहिले त्याने दाखवावे. हा करार जोपर्यंत पाळला गेला तोपर्यंत शास्त्र सुरक्षित होते. तो कोठे तुटला, याकडे आपण पुढे येणारच आहोत.

मध्ययुगात शार्ङ्गधराने आपल्या संहितेत या विषयाला व्यवहाराची शिस्त लावली. वाळविलेली वस्तू कायमची टिकते असा भोळा समज त्याने ठेवला नाही. वनौषधी जशीच्या तशी ठेवली तर वर्षभरानंतर तिचा गुण उतरतो, आणि तिचे चूर्ण केले तर दोन महिन्यांतच ती हीनवीर्य होते, असे त्याने सांगितले. चूर्णाचा पृष्ठभाग वाढतो, हवा आणि ओल त्याला अधिक लागते, हे आजचे कारण. पण निष्कर्ष तोच. जिन्नस अख्खे ठेवावे आणि लागेल तेव्हा कुटावे, ही आपल्या घरांतील रीत या वचनाशी जुळते. त्याने आणखी दोन नियम दिले. साधारणपणे औषधात नवे आणि वाळलेले द्रव्य वापरावे, आणि ओले वापरावयाचे झाल्यास दुप्पट घ्यावे. परंतु गुळवेल, कुडा, अडुळसा, कोहळा, शतावरी, अश्वगंधा अशा काही वस्तू नेहमी ओल्याच घ्याव्यात आणि त्यांचे प्रमाणही दुप्पट करू नये. वाळवण कोठे करावे हे जितके महत्त्वाचे, तितकेच कोठे करू नये हेही महत्त्वाचे, हा विवेक या अपवादांत दिसतो.

ग्रंथांच्या या परंपरेला समांतर अशी दुसरी परंपरा घरांतून वाहत होती. तिचे ग्रंथ नाहीत. तिचा ग्रंथ म्हणजे आजीबाईचा बटवा. बाळगुटीचे सामान आठवून पाहावे. वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ, मायफळ, काकडशिंगी, अतिविष, ज्येष्ठमध, सुंठ, हळकुंड. यांतील प्रत्येक वस्तू वाळलेली असे, आणि सहाणेवर तिचे किती वळसे द्यावयाचे हे मुलाच्या वयावर ठरे. दिवाळीच्या उटण्याचेही तसेच. नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, संत्र्याची साल, गुलाबाच्या पाकळ्या या वस्तू आधी निगुतीने वाळवून ठेवल्या तरच अभ्यंगस्नानाच्या पहाटे त्यांचा सुवास येतो. दिल्लीत, इंदुरात, बडोद्यात किंवा हैदराबादेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत बाकीच्या चालीरीती बदलल्या तरी हे उटणे बहुधा टिकून राहिले.

फुलांच्या बाबतीत तर घरच्या अनुभवाने एक नाजूक निवड केलेली दिसते. मोगरा आणि जाई वाळली की त्यांचा वास संपतो. म्हणून ती केसांत माळावयाची, ठेवावयाची नाहीत. बकुळीचे फूल मात्र सुकले तरी त्याचा वास मागे राहतो. म्हणून बकुळीचे सर कपड्यांच्या पेटीत घालावयाचे. केवड्याचे पातही पैठणीच्या घडीत जाई. दवण्याची गोष्ट तशीच आहे. चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा हा दवणा कोमेजू लागला म्हणजे त्याचा सुगंध अधिकच खुलतो. या निवडीमागे कोणाचा प्रयोग होता, हे इतिहासाला ठाऊक नाही. अनेक पिढ्यांतील स्त्रियांनी वास घेऊन, ठेवून, फेकून आणि पुन्हा ठेवून हे ज्ञान मिळविले. देशाच्या दुसऱ्या टोकाला, काश्मीरमधील पांपोर येथे, केशराच्या फुलांतील तांबडे तंतू घरोघर वेचून वाळवितात. एक किलो केशरासाठी सुमारे दीड लाख फुले खुडावी लागतात, आणि वाळवणात चूक झाली तर ही सर्व मेहनत वाया जाते. तेथेही फुले निवडण्याच्या कामात घरातील स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

सोळाव्या शतकात या देशी ज्ञानाला एक नवा जिज्ञासू भेटला. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. गोव्यात त्याची बाग होती आणि पुढे मुंबईचे बेटही त्याला पट्ट्याने मिळाले. येथील औषधी द्रव्यांविषयीचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. तो संवादरूप आहे. युरोपात ही द्रव्ये वाळून, दमट जहाजांतून महिनोन्‌महिने प्रवास करून पोहोचत. त्यामुळे ती मूळची कोणत्या झाडाची, कोणत्या भागाची, ताजी कशी दिसतात याविषयी तेथील पंडितांत गोंधळ होता. ऑर्ता येथे बसून झाड डोळ्यांनी पाहू शकत होता. त्याच्या संवादांत अंतोनिया नावाची एक दासी अधूनमधून येते, आणि धन्याने सांगितल्यावर पाहिजे ती वस्तू आणून पुढे ठेवते. ती काय जाणत होती, हे ग्रंथात लिहिलेले नाही. परंतु युरोपने चारशे वर्षे वाचलेल्या या पुस्तकात, वस्तू आणून देणारा हात एका स्त्रीचा आहे, एवढी नोंद तरी राहिली.

पुढील शतकात मलबारातील डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याने 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. या ग्रंथाची एक गोष्ट आपणा मराठी-कोकणी भाषिकांना विशेष जवळची आहे. इट्टी अच्युतन् या मलबारी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी ब्राह्मणांनी त्यात साहाय्य केले, आणि त्यांचे कोकणी भाषेतील निवेदन ग्रंथाच्या पहिल्या खंडात नागरी लिपीत छापले गेले. झाडांची नावे तेथील लोकांच्या तोंडची आणि अनेक लिप्यांत दिली आहेत. सुश्रुताने सांगितलेला जुना करार येथे पुन्हा पाळला गेला, आणि जाणकारांची नावे या वेळी ग्रंथावर राहिली.

याच सुमारास युरोपात वाळवणाला एक वेगळाच उपयोग सापडला होता. इटलीतील पिसा येथील लुका गिनी या वनस्पतिशास्त्रज्ञाने सोळाव्या शतकाच्या मध्यास वनस्पती दाबून, वाळवून कागदावर चिकटविण्याची पद्धत रूढ केली, असे मानतात. अशा संग्रहाला लॅटिनमध्ये 'होर्तुस सिक्कुस' म्हणजे वाळलेली बाग म्हणत. हे वाळवण खाण्यासाठी नव्हते, औषधासाठी नव्हते, वासासाठीही नव्हते. ते पुराव्यासाठी होते. सतराव्या शतकात पाउल हर्मान याने सिंहलद्वीपात वाळविलेल्या वनस्पती पुढे लिनियसच्या हाती आल्या आणि त्यांच्या आधारे त्याने १७४७ साली त्या बेटाच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. जो देश त्याने कधी पाहिला नाही, त्या देशाच्या झाडांविषयी तो लिहू शकला. नीट दाबून वाळविलेले पान इतक्या दूरवर साक्ष देऊ शकते.

भारतात ही पद्धत मुळावली ती कलकत्त्याजवळच्या शिबपूर येथील बागेतून. ती बाग १७८७ साली स्थापन झाली आणि १७९३ पासून विल्यम रॉक्सबर्ग तिचा प्रमुख होता. तेथील वाळलेल्या नमुन्यांचा संग्रह आज वीस लाखांच्या घरात आहे. दक्षिणेत तंजावरला सरफोजी राजांनी १७९८ ते १८३२ या आपल्या कारकिर्दीत धन्वंतरी महाल चालविला, वैद्यांकडून उपचारांच्या नोंदी ठेवविल्या आणि औषधी वनस्पतींची रंगीत चित्रे काढविली. कावेरीकाठच्या या मराठी राजाला भारतीय आणि पाश्चात्त्य वैद्यक शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची हौस होती. पुण्याजवळ दापोडीला अलेक्झांडर गिब्सन याच्या देखरेखीखाली सरकारी बाग होती. त्याने आणि डॅल्झेलने मिळून लिहिलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ साली प्रसिद्ध झाला.

मुंबईत या कामाला दोन व्यक्तींनी विशेष वळण दिले. त्यांतील एक डॉ. सखाराम अर्जुन. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मूळ आठ सभासदांत दोन भारतीय होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि हे सखाराम अर्जुन. पुढे डॉक्टर म्हणून कीर्ती मिळविणाऱ्या रखमाबाईंचे ते सावत्र वडील. मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूची त्यांनी १८७९ साली प्रसिद्ध केली. दुसरी व्यक्ती म्हणजे विल्यम डिमॉक. तो सरकारी औषध-भांडाराचा प्रमुख होता. त्याने गांधी आणि काष्ठौषधी विकणारे यांच्या दुकानांतील वाळलेला माल तपासला. कोणता जिन्नस कोणत्या नावाने विकला जातो, कोठून येतो, काय भावाने जातो हे लिहिले. वॉर्डन आणि हूपर यांच्यासह त्याने रचलेला तीन खंडांचा ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पूर्ण झाला. पुढे १९०६ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर यांच्या नावाने आज प्रसिद्ध असलेल्या वनस्पतिसंग्रहाचा आरंभ झाला, आणि १९५५ साली पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागाचे कार्यालय सुरू झाले.

आता या सर्व इतिहासाकडे एकत्र पाहिले तर आपणापुढे वाळवणाच्या तीन परंपरा उभ्या राहतात. एक घरातली. तिला वस्तू हाताने ओळखता येते, पण ती काही लिहीत नाही. दुसरी वैद्याची. ती काळ, जागा, भांडे आणि मुदत यांचे नियम लिहिते. परंतु झाडाचे वर्णन बहुधा श्लोकात, विशेषणांत आणि पर्यायी नावांत करते. तिसरी वनस्पतिशास्त्रज्ञाची. ती प्रत्येक वाळलेल्या फांदीखाली नाव, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिते. वनस्पतिसंग्रहातील कोणत्याही नमुन्यावरील ती लहानशी चिठ्ठी काढून टाकली तर उरते ते गवत. या तीन परंपरा एकमेकींपासून फटकून राहिल्या, आणि त्याची किंमत आपण आजही मोजीत आहोत.

ही किंमत काल्पनिक नाही. हिरवे झाड फूल, फळ, काटा, चीक दाखवून आपली ओळख पटवून देते. वाळून चुरा झालेल्या पानाला यातले काहीच उरत नाही. त्यात आपला देश विशाल. एकच गुळवेल हिंदी प्रांतांत गिलोय होते आणि संस्कृतात गुडूची. उलट शंखपुष्पी, ब्राह्मी, रास्ना, पाषाणभेद यांसारख्या एकेका नावाखाली निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. वैद्यांचे आणि वनस्पतिशास्त्रज्ञांचे यावरील वाद प्रसिद्धच आहेत. साथीच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा होऊ लागला. तेव्हा २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी तो घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदविले. त्यावर आयुष मंत्रालयाने अशी बाजू मांडली की, गुळवेलीसारखीच दिसणारी, तिच्याच कुळातील दुसरी वेल चुकून वापरली गेली असण्याची शक्यता तपासली पाहिजे. या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. परंतु रुग्णाच्या भांड्यात नक्की काय शिजले होते, हे मागाहून सांगता येणे कठीण व्हावे, ही गोष्टच विचार करावयास लावणारी आहे. जिला ती वेल ओळखता येत होती त्या घरच्या वडीलधाऱ्या स्त्रीची जागा बाजारातल्या पुडीने घेतली, आणि पुडीवर पूर्ण ओळख नव्हती. सुश्रुताचा करार तुटला तो येथे.

याउलट एका ओळीच्या नोंदीने काय होऊ शकते, याचे उदाहरण शेजारच्या चीनमधील आहे. चौथ्या शतकातील गे होंग या लेखकाने तापावरील एका वनस्पतीविषयी लिहून ठेवले होते की, ती मूठभर घ्यावी, पाण्यात भिजवावी आणि पिळून रस प्यावा. उकळावी असे त्याने म्हटले नाही. विसाव्या शतकात हिवतापावर औषध शोधणाऱ्या तू योयो यांना या ओळीवरून सुचले की, उष्णतेने त्यातील गुण नष्ट होत असावा. त्यांनी १९७१ साली कमी तापमानात अर्क काढला आणि त्यातून आर्टेमिसिनिन हाती आले. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सोळाशे वर्षांपूर्वीच्या कोणा वैद्याने कृतीतला लहानसा तपशील गाळला असता, तर कदाचित हा शोध लांबला असता. ती वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातील, एकाच वंशातील आहे, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे.

आपल्या आज्यांच्या बटव्यांतही असे किती तपशील होते! कोणते पान सकाळचे दव उडाल्यावर तोडावे, कोणते फूल अर्धे उमललेले असतानाच घ्यावे, कोणती जुडी पाने खाली करून टांगावी, कोणती वस्तू मृग लागण्यापूर्वी डब्यात गेलीच पाहिजे, कोणती मातीच्या भांड्यात ठेवावी आणि कोणती काचेच्या बरणीत. हे सर्व त्यांना ठाऊक होते. त्यांतील बहुतेक स्त्रियांना लिहिता येत नव्हते, आणि ज्यांना लिहिता येत होते त्या पुरुषांना हे लिहिण्यासारखे वाटले नाही. आपल्या इतिहासातील ही उणीव ताम्रपटांनी किंवा बखरींनी भरून निघणारी नाही.

आज अंगणे गेली, परस गेले. पण गच्ची, सज्जा आणि खिडकीतील कुंड्या आहेत. त्यांत तुळस, गवती चहा, ओव्याचे पान, पुदिना, मरवा, गुलाब, जास्वंद सहज वाढतात. श्रोत्यांपैकी ज्यांना हौस असेल त्यांनी ती वाळवून पाहावीत. कृती अवघड नाही. कोरड्या दिवशी, दव उडाल्यावर पाने तोडावीत. धुतली तर पाणी पूर्ण निथळू द्यावे. स्वच्छ कापडावर किंवा चाळणीत एकेरी थर पसरावा, नाहीतर लहान जुड्या बांधून उलट्या टांगाव्यात. जागा सावलीची, हवेशीर आणि धुरापासून दूर असावी. पान बोटांत धरले असता चुरचुरून तुटले म्हणजे वाळले. डब्यात भरल्यावर पहिल्या आठवड्यात एकदोनदा उघडून पाहावे; झाकणाला आतून ओल दिसली तर पुन्हा पसरावे. पाने अख्खी ठेवावीत आणि वर्ष उलटल्यावर नवी करावीत. ज्या वनस्पतीची खात्रीने ओळख नाही ती मात्र घरात औषध म्हणून वाळवू नये, आणि आजारपणात वैद्याला किंवा डॉक्टरला विचारल्यावाचून वापरू नये.

एवढे झाल्यावर आणखी एक काम करावे. डब्यावर एक चिठ्ठी लावावी. तिच्यावर वस्तूचे आपल्या घरातले नाव लिहावे, आपण ज्या प्रांतात राहतो तेथील नाव लिहावे, आणि मिळाल्यास शास्त्रीय नाव लिहावे. कोणत्या कुंडीतले, कोणत्या तारखेला तोडले आणि कोणी वाळविले तेही लिहावे. घरात अद्याप कोणी वडीलधारी स्त्री असेल तर तिला विचारून तिची रीत तिच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावी, आणि त्या पानावर तिचे नाव घालण्यास विसरू नये. विनायक पंडित आणि आपू भट यांची नावे १६७८ सालच्या एका डच ग्रंथाने राखून ठेवली. आपल्या घरातील नावे राखण्यासाठी परक्या देशातून कोणी येणार नाही; ते काम आपणच केले पाहिजे.